पाळणाघर, नर्सरी की अंगणवाडी? कोर्स कोणता करावा आणि हातात किती पडतात?

चाफेकळी

नमस्कार. शिक्षण 12 वी कला, 58 टक्के. वय 33, मूल एक. मुक्काम पिंपरी-चिंचवड. लहान मुलांबरोबरचं काम हवं आहे. पाळणाघर, नर्सरी, अंगणवाडी, काहीही चालेल. एका खासगी संस्थेत मॉन्टेसरी शिक्षिका कोर्स सांगितला आहे: 6 महिने, फी 28,000, "100 टक्के नोकरीची हमी".

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा कोर्स केल्याशिवाय कुणी घेतच नाही का? कोर्स केला तर पगारात किती फरक पडतो? आणि अंगणवाडीसाठी वेगळा कोर्स लागतो का? जाणकारांनी नेमकं सांगावं, "आवड असेल तर करा" असं नको.

खडीसाखर

फी भरायच्या आधी थांबा. या कामात पगार कोर्सवर ठरत नाही, तुमचं नाव कुणाच्या हजेरीपटावर आहे त्यावर ठरतो. तीच 12 वी आणि तीच दोन-तीन वर्षांची पोरं. पण अंगणवाडीत सेविकेला 13,000 मानधन, सरकारी पाळणा योजनेत 5,500, कंपनीच्या आवारातल्या पाळणाघरात पगार अधिक पीएफ, आणि गल्लीतल्या पाळणाघरात मालकीणबाई म्हणतील ते.

अंगणवाडीला आधी कोर्स लागत नाही. निवड झाल्यावर प्रशिक्षण सरकारच देतं. 2 फेब्रुवारी 2023 च्या शासन निर्णयानुसार सेविका आणि मदतनीस दोघींनाही किमान 12 वी हवी. आधी यापेक्षा कमी शिक्षण चालायचं, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका. वय 18 ते 35, विधवा असल्यास 40 पर्यंत. तुमचं 33 म्हणजे हातात दोन वर्षं आहेत. हयात अपत्यं दोनपेक्षा जास्त नकोत. आणि उमेदवार स्थानिक हवी. गावात याचा अर्थ तेच महसुली गाव. गट ग्रामपंचायत एक असली तरी शेजारचं गाव चालत नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त अर्ज पडतात. शहरात जाहिरात ज्या नागरी बालविकास प्रकल्पाची, त्यात कोणता भाग धरला आहे ते जाहिरातीतच लिहिलेलं असतं. ती ओळ दोनदा वाचा.

निवड गुणांवर होते. सगळ्यात मोठा वाटा 12 वीच्या टक्क्यांचा. त्यावर पदवी, पदव्युत्तर, डी.एड., बी.एड., एमएस-सीआयटी (संगणकाचा कोर्स) यांचे जादा गुण. मग विधवा, अनाथ, मागास प्रवर्ग आणि आधीचा सेविका-मदतनीस म्हणून अनुभव यांचे वेगळे. 28,000 च्या मॉन्टेसरी कोर्सला या गुणपत्रकात एकही गुण नाही, एमएस-सीआयटीला आहेत. 58 टक्क्यांना ते दोन-चार गुणच तारतात.

जाहिरात बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून निघते. फाईल आधीच तयार ठेवा: 12 वीचं गुणपत्रक, अधिवास, रहिवासी दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, एमएस-सीआयटी. गुणपत्रकावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, हा घोळ घरोघरी असतो. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातला नावबदल जोडला नाही की अर्ज बाद. शेवटच्या तारखेनंतर आणून दिलेला कागद धरत नाहीत. "साहेबांशी बोलून घेतो" म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका, यादी गुणांचीच लागते.

पाटीपेन्सिल

कोर्सबद्दल लिहितो. "मॉन्टेसरी" हे नाव कुणीही लावू शकतं. त्या नावाखाली आंतरराष्ट्रीय मॉन्टेसरी संघटनेची, म्हणजे एएमआयची पदविका येते आणि तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत चालणारा शनिवार-रविवारचा वर्गही येतो. प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का दोन्हीकडे असतो.

फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे साहित्य. वर्गात जाऊन गुलाबी मनोरा मागा. 10 ठोकळे असतात, सगळ्यात लहान 1 सेंटिमीटरचा, मोठा 10 चा, रंग एकच. मग विचारा, याचं सादरीकरण प्रत्येक विद्यार्थिनीकडून किती वेळा करून घेता? चांगल्या ठिकाणी उत्तर येतं की ठोकळे एकेक करून चटईवर आणायचे, मोठ्यापासून रचायचे आणि रचताना शिक्षिकेने बोलायचं नाही, कारण मुलाचं लक्ष हातावर हवं, आवाजावर नको. जिथे ठोकळे काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवले आहेत आणि सगळं वहीत चित्र काढून शिकवतात, तिथे 28,000 कशाचे ते तुम्हीच ठरवा.

आणखी चार प्रश्न विचारा. प्रत्यक्ष मुलांच्या वर्गात किती दिवस बसवणार? निरीक्षणाच्या नोंदी कोण तपासणार? 3 वर्षांखालच्या मुलांचा भाग अभ्यासात आहे का? पाळणाघरासाठी तोच महत्त्वाचा, आणि बहुतेक कोर्स 3 ते 6 वरच थांबतात. चौथा: नोकरीची हमी लेखी देता का, आणि न मिळाल्यास फी परत का? या चौथ्या प्रश्नावर "100 टक्के" बहुधा "सहकार्य करू" होतं.

स्वस्तातला खात्रीचा पर्याय इग्नू या केंद्राच्या मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षण पदविका, म्हणजे डीईसीई. 12 वी उत्तीर्ण लागते, कमीत कमी 1 वर्ष, प्रवेश जानेवारी आणि जुलैत. तीन विषय आहेत: बालसेवा केंद्राचं संघटन, मुलांचं आरोग्य व पोषण, विशेष गरजा असलेली मुलं. चौथा भाग प्रकल्पाचा. साहित्य हिंदी आणि इंग्रजीत आहे. अडचण एकच, घरी बसून करायचं असल्याने प्रकल्प रेंगाळतो आणि वर्षाचा कोर्स दोन वर्षांवर जातो.

फक्त पाळणाघरात किंवा घरी बाळ सांभाळायचं काम हवं असेल तर कौशल्य विकास योजनेत "चाइल्ड केअरटेकर" नावाचं प्रशिक्षण असतं. जवळच्या केंद्रात तुकडी चालू असेल तर आधी ते बघा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: शिक्षण हक्क कायद्याचा मुख्य भर 6 ते 14 वर्षांवर आहे. त्याखालच्या वयाच्या खासगी नर्सरीत शिक्षिकेने अमुकच पदविका घेतलेली हवी, असा प्राथमिक शाळेसारखा नियम राज्यात पाळला जात नाही. म्हणून कोर्सशिवाय घेतात. फक्त पद वेगळं देतात: कोर्स असेल तर "शिक्षिका", नसेल तर "सहायक" किंवा "ताई".

जाता जाता, अंगणवाडी हा शब्दच मुळी आपल्याकडचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला पाड्यावरच्या अंगणात मुलं जमवून शिकवलं, त्यातून तो आला. केंद्राची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

चाफेकळी

खूप आभार. एक नवीन माहिती. घराजवळच्या पाळणाघरात विचारलं. महिना 9,000 म्हणतात. सकाळी 9 ते संध्याकाळी 7, आठवड्याला सहा दिवस. मुलं 20, ताया 4. कोर्स नसला तरी चालेल म्हणाल्या. ही रक्कम बरी आहे का? आणि पाळणा योजनेत 5,500 म्हणजे नेमकं काय?

हिशोबवही

महिन्याचा आकडा बघू नका, तासाचा काढा. 10 तास गुणिले 26 दिवस म्हणजे 260 तास. 9,000 भागिले 260 म्हणजे तासाला साधारण 34 रुपये 60 पैसे. आता आठवड्याचे तास बघा: 60. दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, त्यावरच्या तासांना दुप्पट दर. पण 2025 च्या दुरुस्तीनंतर तो कायदा 20 किंवा अधिक कामगार असलेल्या जागेला पूर्ण लागू होतो, चार ताया असलेल्या पाळणाघराला फक्त माहिती कळवावी लागते. म्हणजे तिथे जादा तासांसाठी भांडायला तुमच्याकडे बोलण्यापलीकडे फारसं काही नाही. आधीच बोलून घ्या: 9 ते 5, किंवा 11 ते 7. पालकांची गर्दी सकाळी साडेआठ ते दहा आणि संध्याकाळी साडेपाच ते सात असते. दोन ताया लवकर, दोन उशिरा असं लावलं तर कुणालाच 10 तास थांबावं लागत नाही. मालकिणीला हे पटतं, कारण दमलेल्या ताईच्या हातून चुका संध्याकाळी सहानंतर होतात.

किमान वेतनाचे दर कामगार आयुक्तालय जाहीर करतं, परिमंडळानुसार वेगळे असतात आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. पाळणाघराची नोंदणी कोणत्या प्रकारची आहे ते भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर दिसतं. त्या वर्गाचा चालू दर काढून 9,000 शेजारी ठेवा.

आता मालकिणीची बाजू. पुढचे आकडे समजुतीसाठी धरले आहेत. 20 मुलं, फी 7,000, जमा 1,40,000. भाडं 40,000, वीज-पाणी 6,000, खाणं मुलामागे 900 प्रमाणे 18,000, साबण-फिनेल-हातमोजे वगैरे 5,000. उरले 71,000. चार तायांना 12,000 दिले तर 48,000 जातात आणि बाईंच्या हाती 23,000 राहतात. मे महिन्यात चार मुलं मामाच्या गावी गेली आणि पालकांनी अर्धीच फी दिली की त्यातून 14,000 गेले. ताईचा पगार 12,000 वर का अडकतो ते या बेरजेत आहे. वाढवायचा तर एकतर फी वाढवा, नाहीतर एका ताईमागची मुलं वाढवा. दुसरं कधीच मान्य करू नका. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत 3 वर्षांखालच्या 10 मुलांमागे एक प्रशिक्षित व्यक्ती आणि सोबत मदतनीस धरली आहे, 3 ते 6 वयाला 20 मागे एक. तान्ही बाळं असतील तर 10 सुद्धा जास्त होतात, दोन हातांत किती मावणार!

पैसा बरा मिळतो तो कंपन्यांच्या पाळणाघरात. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभाही. आता कामगार संहिता लागू झाल्या तरी 50 ची अट तीच आहे. या कंपन्या स्वतः पाळणाघर चालवत नाहीत, ठेका देतात. तुमच्या नेमणूकपत्रावर ठेकेदाराचं नाव असेल, कंपनीचं नाही, म्हणून कंपनीचे बोनस-सुट्ट्या आपल्याला मिळतील असं गृहीत धरू नका. हिंजवडी, तळवडे, चाकण भागात अशा जागा निघतात.

तिथली पगाराची चिठ्ठी अशी वाचा. एकूण पगार 16,000, त्यात मूळ पगार 12,000. तुमच्याकडून पीएफ 12 टक्के म्हणजे 1,440. ईएसआय (कामगार विमा) एकूण पगाराच्या 0.75 टक्के म्हणजे 120. व्यवसाय कर महिलांना महिना 25,000 पर्यंत महाराष्ट्रात लागत नाही, तो कापला असेल तर विचारा. हातात 14,440. मालक वर पीएफचे 1,440 आणि ईएसआयचे 3.25 टक्के म्हणजे 520 भरतो. त्यांच्या भाषेत "पॅकेज" 17,960 झालं. जाहिरातीत हाच शेवटचा आकडा छापतात आणि पहिल्या महिन्यात 14,440 आले की बायका गोंधळतात. पीएफ 20 कर्मचाऱ्यांवर, ईएसआय 10 कर्मचाऱ्यांवर लागू. तुमच्या गल्लीतल्या पाळणाघरात दोन्ही नसणार. ईएसआयचा कार्ड क्रमांक हातात येईपर्यंत पाठपुरावा करा, बाळंतपणाची रजा आणि दवाखाना त्यावरच मिळतो.

खडीसाखर

पाळणा योजनेचं मी सांगते. केंद्राच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या योजनेखाली आहे, अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर काढायचं. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात 345 मंजूर झाली. 6 महिने ते 6 वर्षांची जास्तीत जास्त 25 मुलं, महिन्यात 26 दिवस, रोज साडेसात तास. पाळणा सेविका किमान 12 वी, मदतनीस 10 वी, वय 20 ते 45. सेविकेला 5,500, मदतनिसाला 3,000. शिवाय त्याच अंगणवाडीच्या सेविकेला 1,500 आणि मदतनिसाला 750 जादा भत्ता. हिशोबवहींच्या पद्धतीने तासाचा दर काढला तर सेविकेला 28 रुपये पडतात आणि मदतनिसाला 15. वयाची अट 45 पर्यंत सैल आहे एवढाच काय तो दिलासा. पस्तिशी ओलांडलेल्यांनी याकडे बघावं, तुम्ही आधी अंगणवाडी बघा.

नाकासमोर

अंगणवाडी म्हणजे सरकारी नोकरी, असं इथे कुणी समजू नये म्हणून लिहितो. ते मानधन आहे, वेतन नाही. 13,000 मध्ये केंद्राने ठरवलेलं मानधन 4,500, तेही ऑक्टोबर 2018 मध्ये 3,000 वरून झालेलं. वरचं राज्याचं. एप्रिल 2023 पासून सेविकेला 10,000 आणि मदतनिसाला 5,500 होते, ऑक्टोबर 2024 पासून 13,000 आणि 7,500 झाले. याशिवाय प्रोत्साहन भत्ता आहे, सेविकेला जास्तीत जास्त 2,000, मदतनिसाला 1,000, पण कामाचे निकष पुरे केले तरच. "15,000 मिळतात" असं जे म्हणतात ते हे सगळं धरून. दरवर्षीची वेतनवाढ नाही. शासन निर्णय निघेल तेव्हाच वाढ, त्यासाठी संप करावे लागतात.

ग्रॅच्युइटीचा हक्क मात्र आहे. 25 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अंगणवाडी सेविका-मदतनिसांना तेव्हाचा 1972 चा उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा लागू होतो.

काम फक्त मुलांचं नाही. सकाळचं खिचडीचं वाटप, वजन-उंची, गरोदर बायकांची नोंद, घरपोच आहार, लसीकरणाच्या दिवशी आशाताईंबरोबर उभं राहणं, आणि हे सगळं पोषण ट्रॅकरवर भरणं. 2021 पासून हे ॲप आहे. मुलाचं वजन ताणकाट्यावर 100 ग्रॅमने चुकलं किंवा जन्मतारीख एक महिना इकडची तिकडे झाली तर मूल नसलेल्या कुपोषणात दिसतं, किंवा असलेलं लपतं. काट्याचा शून्य आधी जुळवणं, झोळीचं वजन वजा करणं, जन्मतारीख तोंडी न घेता दाखल्यावरून घेणं, या तीन सवयी नसतील तर पर्यवेक्षिकेच्या प्रत्येक भेटीला बोलणी खाल. वरून निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं.

पुढचा रस्ता म्हणाल तर, मदतनिसाची सेविका होता येतं, त्याच अंगणवाडीतल्या पात्र मदतनिसाला आधी संधी मिळते. म्हणून सेविकेची जागा निघत नसेल आणि मदतनिसाची निघाली तर 7,500 कडे बघून नाक मुरडू नका. खरी वेतनश्रेणी त्याच्या वर सुरू होते: मुख्य सेविका, म्हणजे पर्यवेक्षिका. पदवी लागते, स्पर्धा परीक्षा होते, मूळ वेतन 35,400 पासून. सेविकांनाही त्या पदाची वाट ठेवलेली आहे. तुम्ही आत्ता 12 वी आहात. 28,000 खर्चायचेच असतील तर मुक्त विद्यापीठाची पदवी पुरी करा, अंगणवाडीच्या गुणांतही धरली जाते.

पाळणादोरी

सगळे पैशाचं बोललेत, मुलाखतीत काय होतं तेही सांगायला हवं. चांगल्या पाळणाघरात कागद पाच मिनिटं बघतात आणि मग खोलीत नेऊन सोडतात. तिथे जे येतं त्यावर 2,000-3,000 कमीजास्त होतात.

दूध. फ्रिजमधली आईच्या दुधाची बाटली देतात आणि बाळाला पाजायला सांगतात. बघायचं असतं की आधी बाटलीवरचं नाव, तारीख, वेळ वाचता का. काढलेलं दूध खोलीत 4 तास चालतं असं म्हणतात, पण ते 25 अंशांपर्यंत. एप्रिलच्या पिंपरीत ते थेट फ्रिजमध्ये, तिथे 4 दिवस. गरम पाण्याच्या भांड्यात धरून कोमट करायचं, मायक्रोवेव्हमध्ये नाही, कारण बाटली बाहेरून कोमट लागते आणि आतलं दूध मध्येच चटका देण्याइतकं तापतं. थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून बघायचा. उष्टं राहिलेलं दोन तासांच्या आत संपवायचं नाहीतर टाकायचं. आईने मेहनतीने काढलेलं आहे म्हणून जीव तुटतो, तरी टाकायचं.

घशात अडकणं. बाहुली देऊन करून दाखवायला लावतात. वर्षाखालचं बाळ: पालथं हातावर, डोकं छातीपेक्षा खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने 5 थापा. मग उताणं, छातीच्या मधोमध 5 दाब. पुन्हा थापा. पोट दाबायचं नाही. तोंडात अंदाजाने बोट घालायचं नाही, त्याने वस्तू आणखी आत जाते. बाळ निपचित झालं तर कृत्रिम श्वासासह छातीदाब सुरू आणि दुसऱ्या ताईने 108 लावायचा. बहुतेक बायका इथे बाळाला पाय धरून उलटं टांगायला निघतात. तसं करू नका. प्रथमोपचाराचं बालकांसाठीचं प्रशिक्षण एक-दोन दिवसांचं असतं आणि मॉन्टेसरी कोर्सपेक्षा त्याचा कागद मुलाखतीत जास्त बोलतो. द्राक्षं उभी चिरायची, अख्खे शेंगदाणे-चणे लहानांच्या खोलीत आणायचेच नाहीत, हेही विचारतात.

औषध. पॅरासिटामॉलचं सरबत 5 मिलीला 120 किंवा 125 मिलिग्रॅमचं मिळतं, 250 चंही मिळतं, आणि तान्ह्यांचे थेंब 1 मिलीला 100 चे. आई फोनवर "5 मिली दे" म्हणते, कपाटातली बाटली दुसऱ्या ताकदीची असते, आणि डोस दुप्पट जातो. म्हणून पालकाच्या लेखी चिठ्ठीशिवाय औषध नाही. वहीत मुलाचं नाव, औषध, ताकद, किती मिली, किती वाजता, कुणी दिलं. ताप 100.4 फॅरेनहाइट दिसला की आधी फोन, मग बाकी.

झोप. तान्हं बाळ पाठीवर, सपाट गादीवर, उशी-रजई-खेळणी बाजूला. दर 10-15 मिनिटांनी छाती हलते का बघायचं आणि टिपायचं. मुलं झोपली म्हणून ताया मोबाइल काढतात तो वेळ नेमका हाच.

कोर्स नसताना हे सगळं येत असेल तर 9,000 ला "हो" म्हणू नका. आणि यातलं काहीच येत नसेल तर त्या पाळणाघरात सहा महिने 9 ते 5 करा, पण अनुभवाचा दाखला पत्राच्या कागदावर, तारखांसकट मिळेल हे आधी ठरवून घ्या. तोंडी अनुभव पुढच्या ठिकाणी शून्य धरतात.

यारा नदीकाठ

मेलबर्नहून. इथे येणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच जणी हेच विचारतात, म्हणून थोडक्यात. ऑस्ट्रेलियात कोर्सशिवाय मुलांच्या संख्येच्या हिशोबात तुम्हाला धरतच नाहीत. किमान सर्टिफिकेट 3 (बालसंगोपनाचा इथला पायाभूत कोर्स), किंवा ते चालू असल्याचा पुरावा. केंद्रातल्या निम्म्या शिक्षिका डिप्लोमावाल्या लागतात. 2 वर्षांखालच्या 4 मुलांमागे एक व्यक्ती. शिवाय मुलांसोबत काम करायची पोलीस तपासणी, तिचं नाव राज्यागणिक वेगळं. भारतातली पदविका आपोआप चालत नाही, एसीईसीक्यूए ही संस्था तपासून ठरवते. त्यासाठी अभ्यासक्रमाची विषयवार प्रत आणि प्रत्यक्ष वर्गात घालवलेल्या दिवसांची नोंद मागतात. खासगी संस्थांच्या प्रमाणपत्रांची गाडी नेमकी त्या दुसऱ्या कागदावर अडते.

पगार केंद्राची मालकीण ठरवत नाही, देशभराचं किमान दरपत्रक असतं. त्यावर सरकारने डिसेंबर 2024 पासून 10 टक्के आणि डिसेंबर 2025 पासून आणखी 5 टक्के वाढीचे पैसे दिले, पण फी मर्यादेत ठेवायची अट मान्य करणाऱ्या केंद्रांनाच. हिशोबवहींनी वर मांडलेली बेरीज इथेही तीच आहे, फक्त खड्डा सरकारने भरला.

चाफेकळी

सगळं वहीत उतरवून घेतलं. 28,000 चा बेत रद्द. एमएस-सीआयटीला नाव घालते, पदवीचंही बघते. पाळणाघरात 11 ते 7 विचारणार आहे. शेवटचं एकच: तिथे पोलीस पडताळणी मागितलीच नाही. मी स्वतःहून काढून ठेवावी का?

पाळणादोरी

काढून ठेवा. 2020 च्या पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) नियमांनुसार शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी, जिथे मुलांशी नेहमी संबंध येतो अशा प्रत्येक ठिकाणी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठराविक काळाने करून घेणं संस्थेचं काम आहे. बदलापूरच्या घटनेनंतर पालकही विचारू लागले आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरता येतो: फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, मग हद्दीतल्या ठाण्यातून बोलावणं येतं. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत करारनामा जवळ ठेवा, मुदत संपलेला असेल तर तिथूनच परत पाठवतात.

आणि त्यांनी तुमची मागितली नाही म्हणजे इतर तिघींची, रिक्षावाल्या काकांची आणि स्वयंपाकाच्या मावशींचीही मागितली नसणार. रुजू होण्याआधी तेवढं विचारा. वहीत आणखी दोन ओळी लिहा: मुलाच्या अंगावर संशयास्पद खूण दिसली किंवा मूल काही बोललं तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे, "आधी मॅडमना विचारते" ही सबब चालत नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी 1098.